शिकवले काय आणि मागितले काय?



अध्यापनात आमची पुष्कळ वर्षे गेली. ‘विषय पुरा केला’ असे दर वर्षअखेरीस आम्ही समाधानाने म्हणत असू. एकदा अर्थशास्त्रात पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या एका विद्यार्थ्यापुढे आम्ही कांद्याची आवक आणि भाव यांचा तक्ता ठेवला व विचारले, “आवक घटली नसता भाव का चढला असेल?” मागणीच्या नियमाची व्याख्या त्याने घडाघडा म्हणून दाखविली, तक्त्याकडे मात्र तो नुसता पाहत राहिला. दोष त्याचा नव्हता. आमच्या प्रश्नपत्रिकेने त्याच्याकडून व्याख्येपलीकडे कधी काही मागितलेच नव्हते.

अमेरिकेत राल्फ टायलर यांनी १९४९ साली हाच मुद्दा मांडला: आधी हेतू ठरवा, मग अनुभव योजा, आणि शेवटी हेतू साधला का ते पाहा. १९५६ साली बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन अशा सहा पायऱ्या लावून दिल्या. १९५७ साली ब्लूम भारतातही येऊन गेले. आमचा विद्यार्थी पहिल्याच पायरीवर उभा होता.

‘विद्यार्थ्याला मागणी समजेल’ हे उद्दिष्ट नव्हे. समजले की नाही, हे दिसणार कसे? ‘दिलेल्या आकड्यांवरून तो भाववाढीचे कारण शोधील’ असे लिहिले, की काम स्पष्ट होते. मग वर्गात तक्ते सोडविले पाहिजेत आणि परीक्षेत न पाहिलेला तक्ता आला पाहिजे. पदवीची वर्षेही एका सूत्रात ओवावी लागतात: प्रथम तक्ता वाचावा, पुढे दोन बाजारांची तुलना करावी, शेवटी स्वतः पाहणी करावी.

२०१४ साली भारत अभियांत्रिकी शिक्षणाच्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला. पदवीधराला काय करता येते, हा त्या कराराचाही प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, कविता वाचून मन हेलावते, ते कोणत्या रकान्यात भरावे? आक्षेप खरा आहे. सारेच मोजता येत नाही, आणि दुसऱ्याची उद्दिष्टे उतरवून रकाने भरणे ही तर निव्वळ कारकुनी होय. पण जे मागता येते, तेही न मागणे ही विद्यार्थ्याची फसवणूक आहे. त्याने आयुष्याची तीनचार वर्षे आमच्या हवाली केलेली असतात. त्यांचे काय करणार, हे पहिल्याच दिवशी त्याला सांगणे आमचे कर्तव्य आहे.