पुणतांब्याचा रॉक अँड रोल

१२ जानेवारी. राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंद यांची जयंती. पाश्चात्त्य संगीताचे शौकीन या तारखेला आणखी एक नोंद करतात. १२ जानेवारी १९६९ रोजी लेड झेपेलिन या इंग्रज चौकडीची पहिली तबकडी अमेरिकेत निघाली. रॉक अँड रोलला तिने जड, घणाघाती वळण दिलं. पुढे १९७२ मध्ये त्यांच्यातले दोघे, जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट, मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रणही करून गेले.

मला मात्र याच तारखेची आपल्या नगर जिल्ह्यातली नोंद सांगायची आहे. १२ जानेवारी १९१८ रोजी गोदाकाठच्या पुणतांब्यात रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. म्हणजे आपले सी. रामचंद्र, सिनेमावाल्यांचे अण्णा. केडगावाहून नगर स्टेशन गाठायचं, मनमाडकडची गाडी धरायची, की वाटेत पुणतांबं लागतं. लोक तिथे चांगदेवांच्या समाधीसाठी उतरतात. अण्णांसाठी कुणी उतरलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

बिल हॅलीचं 'रॉक अराउंड द क्लॉक' १९५४ साली ध्वनिमुद्रित झालं. तीनच वर्षांनी, १९५७ च्या 'आशा' चित्रपटात अण्णांचं 'ईना मीना डीका' आलं. त्याची हकिकत अशी सांगतात : अण्णा चाल बांधायला बसले होते आणि बाहेर मुलं, राज्य कुणावर हे ठरवताना, इंग्रजी बडबडगाणं म्हणत होती. ते बोल खिडकीतून आत आले. अण्णांचे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांनी त्यात 'मला नको' अशा अर्थाची कोकणी पुस्ती जोडली. बाकीचं राजेंद्र कृष्ण यांनी जुळवलं. किशोरकुमार यांनी एकदा आणि आशाबाईंनी एकदा, असं ते दोनदा गायलं गेलं. पुणतांब्याचा संगीतकार, गोव्याचा साथीदार, पंजाबचा गीतकार, बंगाली गायक आणि आपल्या सांगलीकडच्या आशाबाई!

ही नुसती नक्कल, असं म्हणणारे मला आजही भेटतात. त्यांनी मागचं ऐकावं. १९४७ चा 'शहनाई', १९५१ चा 'अलबेला'. चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवाल्याला हाताशी धरून अण्णांनी जॅझचा ठेका आधीच पचवला होता. पचलेल्या अन्नाला कुणी उसनं म्हणत नाही. मी मराठीत कविता लिहितो, तेव्हा मलाही काही भले लोक विचारतात, ही भाषा तुम्ही कुठून उचलली? केडगावातून, आणखी कुठून!

असो. माझे चाचा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. वरात गल्लीत शिरली की 'ईना मीना'ची फर्माईश ठरलेली. घरात मात्र त्या वाद्याला मान नव्हता. अब्बांना तो पोटासाठी पत्करलेला हलका धंदा वाटे. चाचा क्लॅरिनेट फडक्यात गुंडाळून बाजेखाली सरकवून ठेवत.

५ जानेवारी १९८२ ला अण्णा गेले. बातमी रेडिओवर ऐकली तेव्हा मी शाळकरी पोर होतो. त्या रात्री चाचांनी पहिल्यांदाच घरात क्लॅरिनेट काढलं. मला वाटलं, आता वरातीतलं गाणं. पण त्यांनी १९५३ च्या 'अनारकली'तली एक चाल धरली, अगदी हळू, श्वास राखून. त्याच अण्णांची चाल. अब्बा उठून बाहेर जातील म्हणून आम्ही पोरं धास्तावलो होतो. ते उंबऱ्यावर बसून राहिले.

चाचा थांबले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अब्बा बाहेर बघतच म्हणाले, "वो बारातवाला भी बजा."

तेही झालं. शेजारच्या आजी कंदील घेऊन, कुणाचं लग्न म्हणून विचारायला आल्या.