वाढलेल्या आयुष्याचे काय करणार?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आपल्या घरांतून वडीलधारी माणसे लहानांच्या डोक्यावर हात ठेवून ‘उम्र दराज हो’ अशी दुआ देतात. ही दुआ बऱ्याच अंशी कबूल झाली आहे. या लांबलेल्या आयुष्याची आपण काय तयारी केली आहे, एवढाच प्रश्न मी आज आपणांपुढे ठेवणार आहे.

1951 च्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होते. त्या काळी सगळेच लोक बत्तिशीत जात, असा याचा अर्थ नव्हे. असंख्य बालके पाच वर्षांचीही होत नसत, म्हणून सरासरी खाली येई. आज ती 70 च्या घरात आहे. स्वच्छ पाणी, लसी, जंतुनाशक औषधे आणि पुरेसे अन्न यांनी हा बदल घडविला. 1980 मध्ये देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा झाली. 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. या यशात शिकलेल्या आईचा वाटा फार मोठा आहे. केरळात मुली शाळेत लवकर गेल्या आणि तेथील बालमृत्यूही इतर राज्यांच्या आधी घटले. लसीची तारीख वाचणारी आई घरात असली की अर्धा दवाखाना घरातच असतो.

आता शास्त्रज्ञ म्हातारपणच लांबविता येईल काय, याचा शोध घेत आहेत. 1993 मध्ये सिंथिया केनियन यांनी एका जनुकातील बदलामुळे सूक्ष्म कृमीचे आयुष्य दुप्पट होते, असे दाखविले. 2009 मध्ये रॅपामायसिन या औषधाने उंदरांचे आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले. माणसाचे आयुष्य त्याने वाढते, हे मात्र अजून कोणी सिद्ध केलेले नाही. तेव्हा ‘तारुण्याची गोळी’ विकणाऱ्यांपासून सावध राहा!

खरी अडचण वेगळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार भारतीयांचे आयुर्मान सुमारे 70, तर निरोगी आयुर्मान सुमारे 60 वर्षे आहे. म्हणजे दहा वर्षांचे आयुष्य आजारपण खाऊन टाकते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू यांची बीजे तरुणपणीच पडतात. विद्यार्थी मित्रांनो, आज तोंडात टाकलेली गुटख्याची पुडी साठीनंतर आपला हिशेब मागते.

आयुष्य वाढले की घराचीही घडी बदलते. पंच्याऐंशी वर्षांच्या दादाजींच्या कमरेला तिजोरीच्या चाव्या आणि साठीचा मुलगा अजून ‘पोरगा’च, अशी घरे आपण पाहतो. अंथरुणाला खिळलेल्या दादीचे सारे एकट्या सुनेवर पडते. आईवडिलांच्या पालनपोषणाचा कायदा 2007 मध्ये झाला, पण रात्री उठून पाणी देणारा हात कायदा पुरवीत नाही. तो भार मुलांनी, मुलींनी आणि जावयांनीही वाटून घ्यायला हवा. नवे उपचार निघाले आणि ते श्रीमंतांनाच परवडले, तर आयुष्याच्या लांबीतही गरीब-श्रीमंत अशी दरी पडेल. तिच्यावर नजर ठेवणे हेही सुशिक्षितांचेच काम आहे.

आणि शेवटी शिक्षणाविषयी. विशीत शिकलेला हुन्नर साठीपर्यंत पुरेल, हे दिवस गेले. चाळिशीत पुन्हा पुस्तक उघडण्याची लाज वाटता कामा नये. आमच्या पिढीत ‘मुलगी आठवी झाली, आता पुरे’ असे सहज म्हटले जाई. त्या चौदा वर्षांच्या मुलीपुढे आज साठ वर्षांचे आयुष्य असू शकते. त्यात ती आई होईल, कदाचित विधवाही होईल, औषधांच्या चिठ्ठ्या वाचील, बँकेचे कागद सही करील, नातवंडांना वाढवील. या साठ वर्षांसाठी आठ यत्तांची शिदोरी पुरेल काय?

पालकहो, लांबच्या प्रवासाला निघालेल्या लेकराला आपण दोन भाकऱ्या जास्तच बांधून देतो. मुलीची शाळा सोडविण्याचा विचार मनात आला, तर दाखला मागण्यापूर्वी हा हिशेब एकदा तिच्या समोर बसून करा.