इंद्रभुवनात उद्या काय असावे?



आजचा विषय आपणा सोलापूरकरांच्या रोजच्या वाटेवरचा आहे. इंद्रभुवन. रावबहादूर अप्पासाहेब वारद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हौसेने बांधलेली ही वास्तू. कितीतरी वर्षे महापालिकेचा कारभार तिथून चालला. घरपट्टी भरायला, दाखला काढायला आपण तिच्या पायऱ्या चढलो, पण वरची कोरीव नक्षी निवांत पाहायला कितीजण थांबलो? अलीकडे तिचे संवर्धन झाले, रूप पुन्हा उजळले. आता प्रश्न उरतो तो उपयोगाचा.

एक योगायोग सांगतो. आपली महापालिका स्थापन झाली १ मे १९६४ रोजी. त्याच महिन्याच्या अखेरीस व्हेनिसमध्ये जगभरच्या वास्तुतज्ज्ञांनी जुन्या वास्तूंच्या जतनाची सनद तयार केली. तिचे एक कलम असे की, समाजाच्या कामी येणारा वापर वास्तू टिकवायला मदत करतो, मात्र त्या वापरापायी तिची मांडणी आणि सजावट बदलता कामा नये. म्हणजे माणसाने वास्तूच्या मापाचे व्हायचे. आपण नेमके उलटे करतो. राहत्या घरात कचेरी थाटली की दालनात पार्टिशन उभे राहते, वातानुकूलन यंत्रासाठी भिंतीला भोक पडते, लाकडी तक्तपोशीवर फायलींचे ढीग चढतात, नव्या संडासाची ओल जुन्या चुन्यात उतरते. यात कोणाचा दुष्टावा नसतो. वास्तूला काय पेलवेल, हे आधी विचारलेले नसते, एवढेच.

पुण्याचा विश्रामबागवाडा पाहा. १८०७ मध्ये दुसऱ्या बाजीरावाचा निवास म्हणून तो पुरा झाला. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरली, १८७९ मध्ये आग लागली, पुढे पुण्याच्या नगरपालिकेचे दप्तर तिथे आले, आणि अलीकडे पुण्याच्या इतिहासाचे प्रदर्शनही. वापर बदलले, वाडा राहिला. मुंबईत भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासूनचे. ते मोडकळीला आले, तेव्हा महापालिकेने मालकी आपल्याकडेच ठेवून एक प्रतिष्ठान आणि वारसा जतन करणारी इनटॅक ही संस्था यांच्याशी करार केला. २००८ मध्ये ते पुन्हा लोकांसाठी उघडले.

यावरून मला तीन कसोट्या सुचतात. पहिली, नवा वापर वास्तूला इजा न करता मागे घेता यावा. दुसरी, दर्शनी दालनांत सामान्य माणसाला मुक्त प्रवेश असावा, कारण ही मालमत्ता करदात्याची आहे. तिसरी, उद्घाटनाच्या खर्चाआधी दरवर्षीच्या देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात दिसावी. लग्नाचे हॉल पहिल्या कसोटीला उतरत नाहीत. मांडव, स्वयंपाक आणि ध्वनिवर्धक या भिंतींना सोसणार नाहीत. बंद दाराआडचे साहेबांचे दालन दुसऱ्या कसोटीला उतरत नाही.

मग तिथे काय असावे? माझ्या मते, सोलापूरचे स्मृतिघर. महाराष्ट्रात सर्वांत आधी भौगोलिक मानांकन मिळवणाऱ्या सोलापुरी चादरीचा माग तिथे चालता दिसावा आणि तो चालवणाऱ्या पद्मशाली विणकराचा शब्द तेलुगूत आणि मराठीत ऐकू यावा. सोलापुरात १९३० मध्ये लागू झालेल्या मार्शल लॉची, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चार हुतात्म्यांची हकिकत मुलांना तिथे सलग वाचता यावी. एका खोलीत पालिकेची जुनी दप्तरे अभ्यासकांसाठी असावीत.

माझे मत अखेरचे मानू नका. निर्णय एका टेबलावर होऊ नये, एवढाच माझा आग्रह आहे. आराखडा आधी मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दूत लावा, हरकती ऐका, मग ठराव करा. आणि आपण सगळ्यांनी या आठवड्यात एकदा, काही काम नसताना, इंद्रभुवनासमोर दहा मिनिटे उभे राहावे, अशी माझी विनंती आहे. जी वास्तू आपण नीट पाहिलेली नाही, तिच्यात काय असावे, हे आपण ठरवू शकणार नाही.