तळ्याचं पाणी हिरवं होतं तेव्हा

आम्ही वडवणीच्या बचत गटांकडून बोलत आहोत.

उन्हाळ्यात शेततळ्यातलं, पाझर तलावातलं पाणी आटतं, तापतं आणि कधी कधी रंग सांडावा तसा हिरवा थर वर येतो. आपण त्याला शेवाळ म्हणतो, पण पुष्कळदा ते निळे-हिरवे जिवाणू असतात. शेणाचं, खताचं, साबणाचं पाणी तळ्यात उतरलं की त्यांना आयतं खाद्य मिळतं. त्यातले काही विष तयार करतात. ते गुरांच्या आणि माणसांच्या यकृताला घातक असतं.

हा थर एकाच जातीचा दिसला तरी त्यात वाण अनेक असतात, जसे ज्वारीत मालदांडी आणि दगडी. मग एकच जोमदार वाण बाकीच्यांना हुसकून का लावत नाही? त्याचं एक उत्तर आहे बुरशी.

ही बुरशी डोळ्यांना दिसत नाही. तिचा शेपटीवाला बीजाणू पोहत येतो, जिवाणूंच्या धाग्याला चिकटतो, आत मुळ्या घालतो आणि आतलं खाऊन नवे बीजाणू सोडतो. मात्र प्रत्येक बुरशी प्रत्येक वाणाला लागत नाही. हे नॉर्वेतल्या संशोधकांनी 2011 साली दाखवलं. जो वाण फार माजतो, त्याच्या बुरशीला शेजारीच पुढचं खाद्य मिळतं. मग तो वाण मागे हटतो आणि थोडक्या उरलेल्यांना जागा मिळते. 2017 साली कपाशीला कपाशी लागून होती, तेव्हा गुलाबी बोंडअळीला शिवार ओलांडायला कितीसा वेळ लागला, ते आठवा.

जिवाणूही स्वस्थ बसत नाहीत. प्रयोगशाळेत त्यांची विषासारखी रसायनं बनवण्याची ताकद काढून घेतली, तेव्हा बुरशीनं त्यांना जास्त गाठलं. म्हणजे ही रसायनं त्यांच्या स्वतःच्या बचावाच्या कामी येतात.

बुरशीचा आणखी एक उपयोग आहे. जिवाणूंचे लांब धागे पाण्यातल्या बारीक किड्यांना गिळता येत नाहीत, पण बुरशीचे बीजाणू गिळता येतात. ते किडे पुढे मासोळी खाते. असं तळ्यातलं अन्न फिरत राहतं.

ही बुरशी विकत आणून तळ्यात टाकायचं औषध नव्हे. तिचं काम ती करेल, आपलं काम काठावर आहे. उकिरडा आणि धुणं तळ्यापासून लांब ठेवू. हिरवा थर असलेलं पाणी पिऊ नये, गुरांनाही पाजू नये. उकळून हे विष जात नाही. थर मारायला मोरचूद टाकू नका. जिवाणू एकदम फुटतात आणि आतलं विष पाण्यात उतरतं. असा थर दिसला तर ग्रामपंचायतीला सांगून पाणी तपासून घ्या आणि तोवर दुसरीकडचं पाणी वापरा.

येत्या बैठकीत हप्त्याचा हिशेब झाला की हा विषय घ्या. आपल्या तळ्यात कुठून काय उतरतं, ते सगळ्याजणी मिळून काठावर जाऊन बघा.