आरास आणि राख
(उत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)

मंडळी, बाप्पापुढची आरास कशी लखलखते आहे! या विजेत शरावतीचं पाणी आहे, गदगकडच्या पवनचक्क्यांचा वारा आहे, तसा रायचूर आणि कुडगीचा कोळसाही आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या कोळशाच्या राखेबद्दल.

रायचूरजवळ शक्तिनगरला 1985 पासून वीज तयार होते. आज तिथे आठ संच आहेत, क्षमता 1720 मेगावॅट. आपल्या देशी कोळशात राख फार. किलोभर जाळला की तीन-साडेतीनशे ग्रॅम राख, आणि त्यातली बहुतेक धुराबरोबर उडते. तिचे बारीक कण फुफ्फुसात खोलवर जाऊन बसतात.

ती अडवायला चिमणीच्या अलीकडे ईएसपी असतो. घराएवढ्या पेट्या, आत टांगलेले उभे पत्रे, मधे हजारो व्होल्टच्या तारा. राखेचे कण भारित होऊन पत्र्यांना चिकटतात. जुन्या टीव्हीच्या काचेला धूळ चिकटायची ना, तसंच. मग हातोडे पत्र्यांवर ठोके देतात आणि राख खालच्या हॉपरमध्ये पडते. गंमत अशी, की आपल्या कोळशात गंधक कमी. एरवी ही चांगलीच गोष्ट, पण त्यामुळे राखेचा थर आपला भार सहज सोडत नाही आणि पकड ढिली पडते. म्हणून आपल्याकडे ईएसपी मोठे बांधावे लागतात.

‘99 टक्के राख पकडतो’ म्हटलं की आपण खूश. जरा हिशेब करू. घनमीटरभर धुरात साधारण 40 ग्रॅम राख धरा. 99 टक्के पकडली तरी 400 मिलिग्रॅम सुटते. केंद्राच्या डिसेंबर 2015 च्या अधिसूचनेत 2003 पर्यंतच्या संचांना मर्यादा 100 ची, त्यानंतरच्यांना 50 ची आणि 2017 पासूनच्यांना 30 ची. म्हणजे सगळी लढाई दशांशचिन्हाच्या पुढची! चार हातोडे बंद पडले, एखादा हॉपर तुंबला, की ती हरलीच. आपल्या घरातला दिवा मात्र जराही मिणमिणत नाही, त्यामुळे आपल्याला पत्ताच नसतो. कळतं ते वाऱ्याखालच्या गावाला, दोरीवरच्या कपड्यांवरून आणि पिकाच्या पानांवरून.

चिमणीवर चोवीस तास मोजणारं यंत्र असतं, आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जातात. आमचं म्हणणं एवढंच, की त्यातला महिन्याचा एक आकडा आपल्या विजेच्या बिलावर छापावा. बिल आपण सगळेच वाचतो, निदान खालची रक्कम तरी.