अंगणातील पाठशाळा
(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी दोन शब्द बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी आयोजकांचा ऋणी आहे. ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथार्थपणे घेतला आहे, तेव्हा त्याची पुनरुक्ती मी करणार नाही. या वर्षी आपण तीन ते सहा वर्षांच्या बालकांसाठी बालमंदिर सुरू करण्याचा संकल्प केला आहे. इमारतीचा आराखडा तयार आहे. मागच्या मोकळ्या जागेवर रंगीत पेव्हर ब्लॉक बसवून देण्यास दातेही पुढे आले आहेत. त्यांच्या उदारतेला वंदन करून मी एवढीच विनंती घेऊन उभा राहिलो आहे, की ती जागा मातीची राहू द्यावी. या विनंतीमागे एक इतिहास आहे आणि आपल्याच धर्माचा एक आधारही आहे.

प्रथम इतिहास सांगतो. 'अंगणवाडी' हा शब्द आज शासनाच्या कागदपत्रांत इतका रुळला आहे, की तो शासनानेच घडवला असावा असे वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगरला बालशिक्षणाचे धडे गिरवले, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले. शहरात त्यांचे बस्तान उत्तम बसले होते. तरीही वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५ मध्ये, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. बालवयातच वैधव्य आलेल्या आणि पुण्यात शिक्षिकेची नोकरी करणाऱ्या अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या. या दोघींनी पुढे जे उभे केले, ते महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासातील सोनेरी पान आहे.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, परंतु हरिजन वस्तीतील मुले तेथे येईनात. अस्पृश्यतेची भिंत होती, आईबापांना मजुरीला जावे लागत होते आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे कामही याच चिमुकल्यांकडे होते. तेव्हा ताराबाईंनी मुलांची वाट पाहणे सोडले आणि शाळाच वस्तीत नेली. एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यावे, मुलांना आंघोळ घालावी, केस विंचरावेत, नखे कापावीत, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. केंद्र शासनाने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. आज धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरही जो शब्द प्रत्येक आईला ठाऊक आहे, त्याचा उगम असा एका अंगणात आहे.

१९५७ च्या सुमारास हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुलांपैकी बरीचशी सकाळीच गुरे घेऊन रानात जात. गुरे सोडून शाळेत या असे त्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता. मग शिक्षकच कुरणात गेले. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसली आहेत आणि शिकणे चालू आहे, अशी ती 'कुरणशाळा'. मॉन्टेसोरी पद्धतीची लाकडी साधने महागडी असतात. कोसबाडला त्यांची जागा शंख-शिंपले, गारगोट्या, काड्या, पाने आणि रानातल्या बियांनी घेतली. लहान-मोठे, हलके-जड, गुळगुळीत-खडबडीत हे भेद शिंपल्यांनीही तितकेच उत्तम शिकवता येतात. मला तर वाटते अधिक उत्तम, कारण कारखान्यातून आलेले दोन ठोकळे अगदी सारखे असतात, परंतु दोन शिंपले कधीच तंतोतंत सारखे नसतात आणि मुलाला पुन्हा पुन्हा निरखून पाहावे लागते. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. दोघींचा गौरव झाला. मात्र गौरव करणाऱ्यांपैकी किती शाळांनी आपल्या अंगणातील माती राखली, हा प्रश्न मी येथेच सोडतो.

असा विचार केवळ आपल्याकडेच झाला असे नाही. महाराष्ट्राच्या कोकणपट्टीत शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायली ज्यू बांधवांना पूर्वी 'शनवार तेली' म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. ज्यू पंचांगात झाडांच्या नव्या वर्षाचा एक दिवस आहे, 'तू बिश्वात'. तो जानेवारी-फेब्रुवारीत येतो. त्या दिवशी बेने इस्रायली मंडळी अलिबागजवळच्या खंडाळा गावी जातात आणि एलियाहू प्रेषिताच्या स्मरणार्थ पोहे, गूळ-खोबरे व फळे यांचा मलिदा करतात. याच दिवशी १८९० मध्ये झिख्रोन याकोव्ह या वसाहतीतील झेएव्ह यावेत्झ नावाच्या शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना बाहेर नेऊन रोपे लावायला दिली. पुढे १९०८ मध्ये तेथील शिक्षक संघटनेने ती प्रथा स्वीकारली आणि आज जगभरच्या ज्यू बालशाळांत या दिवशी लहान मुले हाताने माती लोटून रोप लावतात. त्यांच्या धर्मग्रंथाची आज्ञा अशी, की शत्रूच्या नगराला वेढा घातला असतानाही फळझाड तोडू नये आणि नव्या झाडाची फळे पहिली तीन वर्षे खाऊ नयेत. फळ डोळ्यांसमोर लटकते आहे आणि तरी थांबायचे आहे! त्याग आणि संयम या शब्दांवर पोसलेल्या आपल्या समाजाला हा नियम परका वाटू नये. परंतु पाच वर्षांच्या मुलाला तो कळावा तर समोर झाड हवे.

आता आपल्या घरातील गोष्ट. येथे मला एका आक्षेपाचे उत्तर दिलेच पाहिजे, कारण तो विचारपूर्वक घेतलेला आहे. काही वडीलधाऱ्या श्राविकांनी विचारले, की मातीत पृथ्वीकाय जीव, पाण्यात अप्काय, गवतात वनस्पतिकाय. मग मुलांना त्यात खेळायला सोडणे म्हणजे विराधनाच नव्हे का? फरशीवर निदान मुंगी तरी दिसते.

श्रावकाचे पहिले अणुव्रत स्थूल हिंसेच्या त्यागाचे आहे. निरपराध त्रस जीवाची जाणूनबुजून हिंसा न करणे हा त्याचा गाभा, आणि स्थावर जीवांबाबत गृहस्थाने शक्य तितकी मर्यादा पाळायची. ही मर्यादा पाळण्याच्या सावधानतेला आपण जयणा म्हणतो. आता असे पाहा, की ज्या जागी जीवच नाही तेथे जयणा कशाची करणार? आपली मुले पाठशाळेत इरियावहियाचे सूत्र घडाघडा म्हणतात. जाता-येता बीज, हिरवळ, दव, मुंग्यांची वारुळे, शेवाळ, ओली माती, कोळ्याचे जाळे यांना माझ्याकडून इजा झाली असेल तर ते निष्फळ होवो, असा त्याचा आशय. सहा वर्षांचे मूल हे मुखोद्गत करते, आपण कौतुकाने बक्षीस देतो. परंतु त्याने दव कधी पाहिले आहे का? फ्लॅटच्या पार्किंगमधून रिक्षात आणि रिक्षातून वर्गात जाणाऱ्या मुलाने वारूळ कोठे पाहावे? ज्याची क्षमा मागायची त्याची ओळखच नसेल, तर ती क्षमायाचना ओठांपुरतीच राहते. फरशीवर मुंगी दिसते हे खरे, पण तिथे ती घुसखोर म्हणून दिसते आणि तिच्यासाठी आपण खडू किंवा फवारा आणतो. अंगणात ती आपल्या घरी असते.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांच्या चढत्या क्रमाने जीव सांगताना कृमी, मुंगी, भुंगा आणि मनुष्य अशी उदाहरणे येतात. नंदुरबारला जून अखेरच्या पहिल्या पावसानंतर ही चारही उदाहरणे एका अंगणात सकाळच्या अर्ध्या तासात सापडतात. गांडूळ वर आलेले असते, मुंग्या अंडी हलवत असतात, भुंगा फिरत असतो आणि चौथे उदाहरण उकिडवे बसून हे सारे बघत असते. तक्त्यावरील चित्र दाखवून हा पाठ द्यावा लागतो याचेच मला नवल वाटते.

मात्र मोकळे अंगण म्हणजे मोकाट अंगण नव्हे. इतर शाळांत फुलपाखरू बाटलीत धरून 'निरीक्षण' करतात, हिरवी पाने तोडून वहीत चिकटवतात. आपल्याकडे तसे होता कामा नये. येथे आपल्या मंदिरांच्या भिंतींवर आणि पाठशाळेच्या पुस्तकांत रंगवलेले लेश्यावृक्षाचे चित्र उपयोगी पडेल. सहा भुकेले प्रवासी जांभळाच्या झाडापाशी येतात. कृष्णलेश्येचा म्हणतो मुळासकट तोडू, दुसरा मोठ्या फांद्या, तिसरा लहान डहाळ्या, चौथा घोस, पाचवा फक्त पिकलेली फळे, आणि शुक्ललेश्येचा सहावा म्हणतो, खाली पडलेली जांभळेच आपल्याला पुरेशी आहेत. बालमंदिरासाठी नियम करायचा तर याच सहाव्या प्रवाशाचा करावा: जे आपोआप गळून पडले तेवढेच उचलायचे. वाळलेली पाने, काड्या, सालींचे तुकडे, पक्ष्यांची पिसे, फुटक्या मडक्याच्या खापऱ्या. बियांचे आणि शेवाळाचे सूक्ष्म प्रश्न आहेत. ते चातुर्मासात येथे विराजमान असलेल्या साध्वीजींना विचारून ठरवावेत. पावसाळ्यात ज्या कोपऱ्यात शेवाळ धरते तेथे दोरी बांधून मुलांना सांगावे, की येथे जीव आहेत, आपण पलीकडून जाऊ. भगवान महावीरांना ऋजुवालिका नदीच्या तीरावर शालवृक्षाखाली केवलज्ञान झाले, हे सांगताना समोर एखादे झाड असावे, एवढीही अपेक्षा जास्त नाही.

व्यवहाराची बाजू थोडक्यात सांगतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाहेर थांबणे अशक्य असते, म्हणून फाल्गुनापासून सकाळी साडेसात ते दहा हीच वेळ ठेवावी. सिमेंटचे ब्लॉक तर उन्हात तापतात आणि संध्याकाळपर्यंत धगधगत राहतात. मातीवर पाणी शिंपडले की ती निवते. कडुनिंब आहेच, त्याच्या पश्चिमेला आणखी दोन झाडे लावावीत. विंचू-किरड्याच्या भीतीसाठी दगडांचे ढीग हटवावेत, कुंपण नीट करावे आणि मुले येण्याआधी सेविकेने फेरी मारावी. गुडघे खरचटतील, त्याला इलाज नाही. दात्यांनी ठेवलेली रक्कम सावलीसाठीच्या पडवीला, हातपाय धुण्याच्या नळांना आणि प्रशिक्षित बालशिक्षिकेच्या मानधनाला वळवता येईल. पाटीवर नाव तितक्याच सन्मानाने लागेल.

आणखी एक गोष्ट बोलतो आणि थांबतो. बोर्डीचे अंगण कोणासाठी उघडले गेले होते, हे विसरून केवळ माती आणि झाडे उचलायची, तर आपण अर्धेच घेतले असे होईल. मिरचीच्या हंगामात आपल्या शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल गालिचा पसरलेला दिसतो. नंदुरबारची ती ओळख आहे आणि त्या व्यापारात आपल्या समाजातील अनेक घरे आहेत. त्या पथाऱ्यांवर देठ खुडणाऱ्या भिल्ल, मावची, पावरा मातांची दोन-तीन वर्षांची लेकरे तिखट धुळीत, डोळे चोळत, आईच्या आसपास दिवसभर असतात. त्यांना आपल्या बालमंदिरात आणणे कदाचित अवघड जाईल, कारण आई कामावरून उठू शकत नाही. परंतु वाऱ्याच्या उलट दिशेला, पथारीपासून थोड्या अंतरावर, एका झाडाखाली सकाळचे तीन तास एक शिक्षिका आणि एक मदतनीस बसू शकतात. पाणी, साबण, कंगवा, मूठभर फुटाणे-गूळ, चार गाणी. मुलांची बोली येणारी ताई त्याच वस्तीतून निवडावी, कारण तीन वर्षांच्या लेकराला परकी भाषा बोलणारी बाई आधी घाबरवते. जागेसाठी पथारीमालकांशी बोलावे लागेल, आणि त्यातील तिघे-चौघे आज या सभागृहात पुढच्याच रांगेत बसले आहेत. हंगाम दिवाळीच्या आगेमागे जोर धरतो. विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत पेव्हर ब्लॉकचा विषय येईलच, त्याच बैठकीत हा दुसरा विषयही पटलावर घ्यावा, अशी मी अध्यक्ष महोदयांना नम्र विनंती करतो.

 बोलण्यात जिनाज्ञेविरुद्ध काही आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!