बादलीचा तळ
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘माझा छंद’ या विषयावर बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. मी चित्रं काढतो हे ऐकून मागच्या दोन रांगा हसल्या. त्यांचं बरोबरच आहे. एलिमेंटरीला मला सी ग्रेड होती आणि इंटरमिजिएटचा फॉर्म मी भरलाच नाही. हल्ली इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ला 7, बी ला 5, सी ला 3, म्हणून पालकच मुलांना परीक्षेला बसवतात. आपल्याला सरांनी दटावून बसवलं होतं.

वस्तुचित्राचा तास आठवतोय ना? टेबलावर बादली आणि शेजारी तांब्या. मी बादलीचं तोंड लंबगोल काढलं आणि तळाला पट्टीने सरळ रेघ मारली. सर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, “बादली टेबलावर सपाट बसते हे तुला माहीत आहे, म्हणून रेघ सरळ मारलीस. माहीत आहे ते काढू नकोस. दिसतंय ते काढ.” मी पुन्हा पाहिलं. मला तळ सरळच दिसला! चित्रकला आपल्या नशिबात नाही, असं ठरवून मी मोकळा झालो.

पुढची पस्तीस वर्षं सुताच्या धंद्यात गेली. कामतघरला आमचा आठ मागांचा कारखाना होता, हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. दिवाळीनंतर माग भंगारात द्यायचे असं ठरलं. भिवंडीत अशा गोष्टीचं आता कोणाला नवल वाटत नाही. मी मोबाईलवर फोटो काढले आणि ते पुन्हा कधी उघडलेही नाहीत. मग एका रात्री वाटलं, आपण माग काढून बघू या. जन्मल्यापासून त्याच्या खडखडाटात झोपलो, त्यात अवघड काय?

अर्ध्या तासाने कागदावर माग नव्हे, बाज तयार झाली होती. चार पाय आणि मधे दोरे! चाकं कुठल्या बाजूला, धोटा फेकणारा दांडा कुठून येतो, बीम किती उंचीवर असतो, काही सांगता येईना. ज्या मागांवर आमचं घर चाललं, ते मी कधी पाहिलेच नव्हते. तेव्हा सरांचं वाक्य आठवलं.

दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात जाऊन बसू लागलो. सात माग बंदच होते, त्यामुळे ते हलत नव्हते. नवशिक्यासाठी ही मोठी सोय. तिथे जे शिकलो ते थोडक्यात सांगतो, कोणाला हात धरायला उपयोगी पडेल.

पहिलं, मोजमाप. हात सरळ लांब करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत एक माप घ्यायचं आणि ते बाकी सगळ्याशी ताडून बघायचं. दुसरं, वस्तूऐवजी मधल्या मोकळ्या जागा काढायच्या. मागाच्या दोन पायांमधून मागची भिंत केवढी दिसते, तिचा आकार कसा आहे? मोकळ्या जागेबद्दल आपल्याला आधीपासून काहीच ‘माहीत’ नसतं, म्हणून ती खरी उतरते. बेटी एडवर्ड्स नावाच्या अमेरिकन शिक्षिकेने 1979 च्या आपल्या पुस्तकात चित्र उलटं ठेवून नक्कल करायला सांगितलं आहे, त्यामागेही हेच आहे. उलटा चेहरा चेहरा वाटत नाही, नुसत्या रेषा दिसतात. तिसरं, डोळे किलकिले करायचे. बारकावे पुसट होतात आणि उजेड कुठे, सावली कुठे, एवढंच उरतं. आणि चौथं, खोडरबर लांब ठेवायचं. चुकलेली रेघ आधी पुसली तर तीच चूक पुन्हा होते. ती तशीच ठेवून शेजारी बरोबर रेघ मारली, की किती चुकलं होतं ते कळतं.

अकराव्या चित्रात माग मागासारखा दिसू लागला. ते मी वडिलांना दाखवलं. वय चौऱ्याऐंशी, नजर अधू. त्यांनी कागद खिडकीशी धरला, बोट फिरवत नेलं आणि एका जागी थांबले. “धोट्याची पेटी एवढी लांब नसते.” मी वाद घातला, म्हटलं मोजून काढलंय. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो. पेटी खरंच आखूड होती. माप घेताना माझं कोपर वाकलं होतं. कोपर वाकलं की पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि सगळं माप बदलतं.

वडील म्हणाले, “बाकी बरं आहे.” मग पहिल्यांदाच त्यांनी सांगितलं, की कामाला लागले तेव्हा तुटलेला धागा त्यांना दिसायचाच नाही, जॉबर ओरडायचा. दिसायला लागायला सहा महिने गेले. घरात इतकी वर्षं आम्ही सुताच्या भावाबद्दलच बोललो होतो.

दिवाळीनंतर माग गेले, किलोच्या भावाने. कारखान्यात आता गोदाम आहे. माझ्याकडे सत्तावीस चित्रं आहेत. त्यातली चार-पाच बरी आहेत.

मला कोणी विचारतं, या वयात हात वळतो का? हात वळायला वेळ लागतोच. पण माझं अडलं होतं ते हातामुळे नाही. रोज वीस मिनिटं एकाच वस्तूसमोर बसलात, तर महिन्याभरात फरक कळेल. वस्तू साधी घ्या, घरातली घ्या. आणि जी जाणार आहे असं वाटतं, ती आधी घ्या.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो. मी घरी बादली ठेवून बघितली. तळाची पुढची कड वाकलेली असते, आणि तोंडाच्या कडेपेक्षा जास्त वाकलेली, कारण ती आपल्या नजरेच्या आणखी खाली असते. मला ते दिसायला पस्तीसहून जास्त वर्षं लागली.

मित्रहो, दारापाशी टेबलावर पन्नास कोरे कागद आणि 2बी पेन्सिली ठेवल्या आहेत. चहाच्या सुट्टीत प्रत्येकाने आपला ग्लास काढायचा आहे. चहा संपवण्याआधी. सर तपासणार आहेत.